दोन सीटची गाडी आणि करंज्याची आत्या

गाड्या मोठ्या होत चालल्या आहेत आणि माणसं त्यांत एकेकटी बसून फिरत आहेत, हे मी बरीच वर्षं व्यासपीठांवरून सांगत आलोय. एका माणसाला भाजी आणायला दीड-दोन टन लोखंड कशाला हलवावं लागतं, असा माझा प्रश्न असतो. लोक टाळ्या वाजवतात आणि सभा संपली की त्याच लोखंडात एकेकटे बसून घरी जातात. पूर्वी याचा मला फार संताप यायचा. आता येत नाही, पण बोलणं थांबवलेलं नाही.

पनवेलमधल्या अशाच एका सभेनंतर हरेश मला भेटला. पनवेलजवळच्या गावातला, चाळिशी ओलांडलेला माणूस. बापाची पिढी मिठागरात राबली, हा जमिनीचे व्यवहार करतो. म्हणाला, "सर, तुम्ही सांगता ती गाडी माझ्याकडे आहे. चालवून बघा, मग बोला."

एका सकाळी लवकर ती गाडी पाहायला गेलो. दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्यात नळ्या जोडून हाताने बांधलेली, रीतसर नंबर असलेली. छप्पर नाही, दारं नाहीत, काचेच्या नावाखाली पुढे हातभर उंचीची पट्टी. एसी नाही, गाणी नाहीत, डिकी नाही. वजन एखाद्या तगड्या बैलाइतकं असेल. सीट दोन, त्याही जवळजवळ जमिनीवर. बसायचं म्हणजे बाजूच्या पत्र्यावरून पाय टाकून आत उतरायचं. गाडीतून जे जे काढून टाकता येईल ते सगळं काढल्यावर काय उरतं, याचं उत्तर समोर उभं होतं.

"घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, जत्रेतून आणली का? पण सर, हिच्यात मागे बसून कोणी सूचना देऊ शकत नाही."

मग त्याने अट सांगितली. गाडी दिवसभर माझ्या ताब्यात, पण जायचं करंज्याला. त्याच्या मोठ्या बहिणीला, हिराबाईला, आणायचं होतं. हरेशच्या मुलीची, प्राचीची, त्याच संध्याकाळी हळद होती आणि त्यांच्या घरात पहिली हळद आत्याने लावायची असते. आत्या मात्र येणार नाही म्हणून बसली होती.

कारण ऐकण्यासारखं आहे. लग्न झालेल्या बहिणीला कार्यासाठी माहेरी न्यायला घरातला माणूस स्वतः जातो. त्याला मुराळी म्हणतात. प्राचीच्या साखरपुड्याच्या वेळी हरेश मंडपवाल्याच्या मागे होता, म्हणून त्याने बहिणीकडे आपली मोठी पांढरी गाडी पाठवली, एसी लावून, ड्रायव्हर देऊन. ड्रायव्हरने दारात उभं राहून हॉर्न वाजवला. हिराबाईने त्याला आत बोलावून पोटभर जेवू घातलं आणि गाडी रिकामी परत पाठवली. अगदी रिकामी नाही. मागच्या सीटवर सुक्या जवळ्याची मोठी पिशवी ठेवली होती, भाचीसाठी. परतीच्या वाटेत पिशवी फुटली. तो वास गाडीतून अजून गेलेला नाही.

"तेव्हापासून फोनही घेत नाही," हरेश म्हणाला. "मला तिच्यासमोर बोलता येत नाही, सर. तुम्ही बोला. तुम्हाला हजार माणसं ऐकतात."

हे त्याने हळदीच्या आठवडाभर आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तो रोज उद्यावर ढकलत आला होता, आणि आता आजचाच दिवस उरला होता. मी होकार दिला. खरं सांगायचं तर बहिणीसाठी कमी, गाडीसाठी जास्त.

सकाळी हवेत गारवा होता. कानटोपी, मफलर आणि डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखा गॉगल, असा जामानिमा करून पनवेलमधून निघालो. मी चालवत होतो, हरेश शेजारी. पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरच्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "बाकीची गाडी मागून येतेय का?"

पहिली गोष्ट कळते ती स्टिअरिंगची. पॉवर वगैरे काही नसल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा आधी हातांना कळतो, मग डोळ्यांना. दुसरी गोष्ट ब्रेकची: पाय ठेवला की गाडी थांबते, कारण थांबवण्यासारखं फार काही नसतंच. तिसरी गोष्ट कळायला पळस्पे फाटा यावा लागला. तिथे पुण्याकडचा आणि गोव्याकडचा रस्ता वेगळे होतात, आणि दोन्हीकडे जाणारे कंटेनर ट्रेलर आपल्याला खेटून उभे राहतात. त्यांच्या चाकांचे नट माझ्या नाकासमोर होते. एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने खिडकीतून बरंच खाली वाकून आमच्याकडे पाहिलं, मग क्लीनरला बोलावून त्यालाही दाखवलं. माझ्या तत्त्वांचा मला अभिमान आहे. त्या क्षणी मात्र दोन टन लोखंड अंगाभोवती असतं तर चाललं असतं, असं वाटून गेलं. तुम्ही अशी गाडी घेऊन या बाजूला येणार असाल तर सकाळी लवकर फाटा ओलांडा, आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूला कधीही राहू नका. त्याला तुम्ही दिसत नाही.

गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर गाडी मोकळी झाली. गिअर छोटे, मनगटाच्या हालचालीत पडणारे. कर्नाळ्याचा सुळका एरवी खिडकीतून मान वाकडी करून पाहावा लागतो. इथे तो सरळ डोक्यावर आला. झाडीतला गारवा, पुढच्या टेम्पोतल्या कोथिंबिरीचा वास, कुठेतरी पेटवलेला पालापाचोळा, सगळं अंगावरून जात होतं. हरेशच्या बहिणीला काय सांगायचं याचे तीन मुद्दे मी मनात पक्के केले होते. ते उदाहरणांसह त्याला ऐकवले. जुन्या काळी ग्रीसमधले वक्ते समुद्राच्या लाटांसमोर उभे राहून आवाज कमवायचे, हेही सांगितलं. पुढे वेग कमी झाला तेव्हा हरेश म्हणाला, "सर, मघाशी काही म्हणालात का?"

या गाडीत पन्नासच्या वर बोलता येत नाही. वारा शब्द तोंडातून काढून मागे टाकतो.

हरेशच्या सांगण्यावरून आम्ही महामार्ग सोडून आपट्याला गेलो. गावातले गतिरोधक असे की गाडी तिरकी करून एकेक चाक चढवावं लागतं, नाहीतर पोट घासतं. पाताळगंगेच्या जवळ एका टपरीवर गरम कांदाभजी आणि पाव खाल्ले, दोघांत मिळून शंभराच्या आत. पाणी संथ होतं, एक बाई पलीकडे गोधडी धूत होती. हरेशने दुसरा चहा मागवला, मग तिसरा. आपटा करंज्याच्या वाटेवर नाही, नेमका उलट दिशेला आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"हरेश, आपण इथे का आलो?"

"भजी चांगली मिळतात."

"आणि?"

त्याने कप खाली ठेवला. "मी दहा वर्षांचा होईपर्यंत तिने मला कडेवरून उतरवलं नाही, सर. आई मिठागरावर असायची. तिच्या लग्नात मी तिच्या मागे गाडीत चढून बसलो होतो, मला ओढून खाली काढलं. आज ती नाही म्हणाली तर प्राचीला मी काय सांगू? काकीने लावली हळद, आत्या रुसली म्हणून?"

मी त्याला सांगितलं की असं काही होणार नाही. मी आयुष्यभर लोकांची मनं वळवत आलोय, किमान तसा माझा समज आहे.

पुन्हा महामार्ग ओलांडून चिरनेरच्या बाजूने उरणकडे निघालो. हा रस्ता मी प्रत्येकाला सुचवेन. बंदराकडच्या मोठ्या रस्त्यावर कंटेनरांची रांग असते; इथे शेतं, टेकड्या, वळणं, आणि एका वळणानंतर दुसरं. वजन नसलेली गाडी वळणात काय करते ते लिहून सांगणं अवघड आहे. ती झुकत नाही, कुरकुरत नाही, आपण बघतो तिकडे जाते. तेवढा अर्धा तास मी कुठल्याही विषयावर मत न ठेवता काढला. माझ्यासाठी ते दुर्मीळ आहे.

करंजा दिसण्याआधी नाकाला कळतं. बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत घातलेले, खाली मांजरं, धक्क्यावर बोटी एकीला एक लागलेल्या. सकाळचा लिलाव ओसरत आला होता, तरी गलका होताच. हिराबाई मध्ये उभ्या होत्या: साठीकडे झुकलेल्या, कमरेला पदर खोचलेला, केसांत अबोली. पुढ्यात पापलेटांचा शेवटचा वाटा. आम्हाला त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

हरेशने मला कोपराने ढकललं. मी पुढे झालो, घसा साफ केला. "हिराबाई, नमस्कार. नातं ही अशी गोष्ट आहे की..."

"कोन रं हा?" त्यांनी हरेशला विचारलं.

"बाय, हे सर. भाषणं करतात."

"मग हितं कनाला आनलास? हितं आधीच सगले वरडतान." आजूबाजूच्या बायका हसल्या. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मास्तर, भाव बोलायचा तर बोला. नायतर जरा सरका, गिऱ्हाईक मागं उभा हाय."

मी सरकलो. तीन मुद्दे आणि सगळी उदाहरणं तशीच राहिली.

हरेश हात बांधून उभा होता. पापलेट विकली गेली. हिराबाईंनी हात धुतले, पदर सोडला, तरी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी तो म्हणाला, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं, "बाय, चल. मी आलोय."

"कोनाला न्यायला?"

"तुला."

"डायवर कुठं हाय?"

"नाय ड्रायव्हर. मीच आलोय."

हिराबाई बोटींकडे बघत म्हणाल्या, "साखरपुड्याला माझ्या दारात भोंगा वाजला, हऱ्या. शेजारनी बघत होत्या. भोंगा कचऱ्याच्या गाडीचा वाजतो. मना न्यायला मानूस लागतो, गाडी नाय."

"चुकलं, बाय."

"ते तर मना ठाव हाय. तुला कवा कललं?"

"जवळ्याचा वास आला तेव्हा."

हे तो गंभीरपणे म्हणाला होता. हिराबाईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "थांबा हितं. साडी बदलून येतंय," एवढं बोलून त्या घराकडे गेल्या.

तोवर त्यांच्या जावेने आम्हाला घरी बोलावलं आणि ओसरीवर बसवून तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. त्या कालवणासाठी पळस्प्याचे ट्रेलर पुन्हा एकदा सहन करायला मी तयार आहे. बाहेर गाडीभोवती माणसं जमली होती. एक म्हातारा खलाशी पत्र्यावर थाप मारून म्हणाला, "होडीला चाकं लावली. पान्यात टाकली तर चालंल का?" दुसरा म्हणाला, "पेट्रोल संपला तर काखेत मारून नेता येल."

हिराबाई तयार होऊन आल्या. हिरवी नवी साडी, नथ, हातात एक सुटकेस, मागे जावेच्या डोक्यावर टोपली, पुतण्याच्या हातात बर्फाची पेटी. सगळं भाचीसाठी. त्यांनी गाडी पाहिली. दोन सीट पाहिल्या. मग हरेशला पाहिलं, मला पाहिलं.

"दोघं आलाव. आन मी कुठं बसू? मास्तरांच्या मांडीवर?"

ओसरी, अंगण, गाडीभोवतीची माणसं, सगळे हसायला लागले. तुमच्या हे केव्हाच लक्षात आलं असेल. आमच्या आलं नव्हतं. तिसऱ्या माणसाला आणायला दोन सीटच्या गाडीत दोघं निघालो होतो. हरेश फक्त कोण बोलेल याचा विचार करत होता आणि मी फक्त कोण चालवेल याचा. हरेशचा चेहरा पडला. पुन्हा तेच झालं होतं: तो आला होता, पण तिची जागा न ठेवता.

मी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली, माझी कानटोपी आणि गॉगल हिराबाईंना दिले, आणि बाजूला झालो. तीस वर्षं बोलण्यासाठी बोलावणी येत आली. त्या दिवशी माझ्याकडून लोकांना हवं होतं ते एवढंच.

आता दाराशिवाय साडी नेसून आत कसं उतरायचं? मासळीचा एक क्रेट उपडा घालून पायरी केली. जाऊ एका बाजूने, हरेश दुसऱ्या बाजूने. हिराबाई आत बसल्या, दोन्ही हातांनी पत्रा चाचपला, पाय लांब केले.

"होडीसारखी हाय," त्या म्हणाल्या. मग हरेशकडे न बघता, "हिच्यात डायवर पाठवता येनार नाय. बरी हाय."

गाडी निघाली. अबोलीची दोन फुलं वाऱ्याने उडून धक्क्याच्या रस्त्यावर पडली.

मी, सुटकेस, टोपली आणि बर्फाची पेटी पुतण्याच्या टेम्पोतून निघालो. रुपेश त्याचं नाव, रोज मासळी घेऊन पनवेलला जातो. त्याने मोठा रस्ता धरला. कंटेनरांमधून वाट काढत तो मला विचारत होता, "सर, ती गाडी केवढ्याला?" आणि मी सांगितलेला आकडा ऐकून, "तेवढ्यात दोन टेम्पो येतात." माझ्या भाषणातला हा मुद्दा कच्चा आहे, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

पनवेलच्या बाजारात मासळी उतरवून हरेशच्या गावात पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मंडप भरलेला, बेंजोवाले आवाज लावून पाहत होते, हळद वाटून तयार. हरेशची बायको सुरेखा टेम्पोपाशी धावत आली.

"सर, बाय कुठे आहेत?"

"आमच्या आधी निघाल्या. एव्हाना यायला हव्या होत्या."

त्या आल्या नव्हत्या. हरेश फोन उचलत नव्हता; वाऱ्यात त्याला ऐकूच जात नसणार. अर्धा तास गेला. कुणी म्हणालं, रस्त्यात भांडण होऊन परत गेली असेल. कुणी म्हणालं, ती खेळण्यातली गाडी ट्रेलरखाली... आणि सुरेखाने त्याला गप्प केलं. प्राची पिवळी साडी नेसून पाटाजवळ बसली होती आणि रस्त्याकडे पाहत होती. एका वडीलधाऱ्या बाईने सुचवलं की मुहूर्त कशाला घालवायचा, काकीला लावू दे. प्राची म्हणाली, "आत्याच लावेल."

लोक चुळबुळायला लागले तेव्हा कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. "सर, दोन शब्द बोला, तेवढीच माणसं गुंततील." मी माइक बेंजोवाल्याकडे परत दिला. त्या दिवशी माझ्या दोन शब्दांना भाव नव्हता, आणि ते मला सकाळीच कळलं होतं.

मग तो आवाज आला. शिवणयंत्र आणि मोटारसायकल यांच्या मधला, दिवसभर कानात बसलेला. गाडी मंडपासमोर थांबली. दोघांचे चेहरे धुळीने मातकट, गॉगल काढल्यावर डोळ्यांभोवती गोरी वर्तुळं. हिराबाईंचा आवाज बसला होता.

"एवढा वेळ?" सुरेखाने विचारलं.

"काय करनार? त्या गाडीत एक शब्द ऐकू येत नाय," हिराबाई म्हणाल्या. "मी इकडं बोलतंय, हा तिकडं मान हलवतो. मग मीच म्हटला, थांबव. थांबलो, भांडलो. पुन्हा निघालो. पुन्हा काय तरी आठवला, पुन्हा थांबव."

"किती वेळा थांबलात?"

"तिलाच विचार," हरेश म्हणाला. "मिठागराच्या बांधावर तर उतरायलाच लावलं."

"आईचा विषय गाडीत बसून बोलायचा नसतो," हिराबाई म्हणाल्या, आणि क्रेट नव्हता म्हणून भावाच्या खांद्यावर भार देऊन बाहेर आल्या. हात-तोंड धुतलं. पाटाजवळ गेल्या. प्राची उठायला लागली तसं तिला दाबून खाली बसवलं आणि दोन्ही गालांना हळद लावली, तिसरं बोट हरेशच्या कपाळावर ओढलं. बेंजो सुरू झाला. त्यानंतर कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मी जेवून घरी आलो. अंगाला धूळ, मासळी आणि पेट्रोल यांचा वास होता, आणि पाठ दोन दिवस धरली होती. जाणाऱ्यांसाठी हिशेब असा: गाडी भाड्याने मिळत नाही, मित्र असावा लागतो, पेट्रोल फारसं लागत नाही, गॉगल आणि मफलर घ्याच, चिरनेरचा रस्ता चुकवू नका, करंज्याला सकाळी पोहोचा. आणि किती जण परत येणार आहेत ते मोजून मगच निघा.

माझं मत बदललं का, असं मला विचारलं जातं. नाही. गाड्या हलक्याच असाव्यात असं मी अजूनही सांगतो, पुढच्या आठवड्यातही सांगणार आहे. फक्त आता ते सांगताना मला वळणावळणाचा रस्ता कमी आठवतो आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली, दोन माणसं तावातावाने बोलत असलेली गाडी जास्त आठवते. ती मी पाहिलेली नाही, तरीही.

लग्न झाल्यावर बहिणीला पोचवायलाही घरच्यानेच जायचं असतं. हरेश गेला, त्याच गाडीने. या वेळी त्याने मला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सुरेखा सांगत होती, तासाभराची वाट, पण सकाळी निघालेली दोघं करंज्याला पोहोचली तेव्हा दुपारच्या बोटी धक्क्याला लागत होत्या.